तिसऱ्या मशीनचा धागा

रविवारी मशिनं बंद असली की वरच्या मजल्यावर कुणालाच धड बोलता यायचं नाही. आठवडाभर खालून मोज्यांच्या कारखान्याची खडखड यायची आणि तिच्यावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांना सवय. सुट्टीच्या दिवशी खाली शांतता, आणि वर ही मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखी बोलणार. नवं माणूस दारात आलं तर त्याला वाटावं, नको रे बाबा, इथे भांडण चाललंय. त्या रविवारी मात्र खरोखरच भांडण चाललं होतं.

"ही मुलगी उद्या माझ्याबरोबर येतेय," ताई म्हणाली. "मी विचारत नाहीये. सांगतेय."

ताई म्हणजे घराच्या कर्त्या माईंची पहिली लेक, दुसऱ्या शहरात बालवाडीची मुख्याध्यापिका. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या तोंडून फोनवर एक वाक्य निसटलं होतं, की त्याच्या मुलीला, बॉबिनला, बालवाडीवाल्यांनी परत पाठवलं, बोलत नाही म्हणून. झालं! ताईने बॅग भरली आणि सकाळी चहाच्या वेळेला दारात हजर.

बॉबिन खिडकीखाली जमिनीवर बसली होती. मांडीत टॅब, सगळ्यांकडे पाठ. आजोबांनी जाण्यापूर्वी तिला हे नाव ठेवलं होतं, जन्मली तेव्हा सुताच्या बॉबिनएवढी होती म्हणून. आता चार वर्षांची व्हायला आली, तरी नाव तेच राहिलं. डोकं खाली घालून ती बघत होती, आणि आपल्याबद्दल बोलणं चाललंय याचा तिला पत्ता आहे की नाही, कुणास ठाऊक.

धाकटीचं, म्हणजे माईंच्या धाकट्या सुनेचं, बॉबिनच्या आईचं, सगळं लक्ष त्या पाठीकडे होतं. ती रात्रपाळी करून आली होती. हॉस्पिटलातून घरी येऊन अंघोळ करून दोन तास तरी पडायचं, एवढीच तिची अपेक्षा. आणि घरात पाऊल टाकलं तर ही बैठक बसलेली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. पण आता झोपते म्हणायची सोय नव्हती.

"तिला किती शब्द येतात, सांग मला," ताई म्हणाली.

"आई. पाणी. नको," धाकटी म्हणाली.

"'नको' फार छान येतं," थोरली जाऊ मध्येच म्हणाली. "घरावर गेलीय पोरगी."

"थट्टा नकोय मला. चौथं वर्ष संपत आलं आणि तीन शब्द! माझ्या वर्गात या वयाची मुलं मला उलट प्रश्न विचारतात."

"कान तपासलेत, ताई. उत्तम आहेत. बुद्धीही चांगली आहे म्हणाले डॉक्टर."

"आणि पुढे काय म्हणाले? पूर्ण सांग ना."

धाकटीने डोळे चोळले. मग म्हणाली, "स्क्रीन कमी करा म्हणाले. आणि बोला तिच्याशी."

"मग?"

"मग काय, ताई? सकाळी घरी आल्यापासून दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलतच असते. गाणी म्हणते, गोष्टी सांगते, नळाशी बोलते, बादलीशी बोलते. स्वतःचं तोंड दुखतं माझं. पण दुपारी मला झोपावं लागतं. नाही झोपले तर रात्री वॉर्डात माझ्या हातून कुणाला भलतंच इंजेक्शन जाईल. तेव्हा एवढा वेळ ती टॅब घेऊन बसते. माझ्या शेजारी, दाराला कडी लावून. आणि आवाज बंद करून बसते हो! एकदाच सांगितलं होतं, आई झोपलीय, आवाज नको. तेव्हापासून आजतागायत एकदाही तिने आवाज लावलेला नाही."

हे ती कौतुकाने सांगत होती. ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"आवाजसुद्धा नाही! म्हणजे ती चित्रं नाचताना बघायची, तीही मुकी! अगं, निदान आवाज असता तर चार शब्द कानांवर पडले असते. तो पडदा नुसता दाखवतो. तो ऐकत नाही, आणि मुलाने काही म्हटलं तर उत्तर देत नाही. मूल बोलायला शिकतं ते कुणीतरी उत्तर देतं म्हणून."

"माझे दोघं मोबाइल बघतच जेवायचे," थोरली म्हणाली. "आता इतकं बोलतात, की मीच कानांत बोळे घालते." आज घर शांत होतं ते एवढ्याचसाठी, की थोरला त्या जुळ्यांना घेऊन पोहायला गेला होता.

"तुझ्या मुलांचं उदाहरण तू न दिलेलं बरं," ताई म्हणाली.

आता खरं तर थोरली सकाळपासून ताईच्या बाजूने होती. धाकटी दुपारभर खोलीत झोपते आणि आपण खाली पॅकिंगच्या टेबलावर उभ्याने मोज्यांच्या जोड्या लावतो, हे तिच्या मनात होतंच. पण मुलांवर गेल्यावर तिने खुर्ची सरकवली, ती थेट धाकटीच्या शेजारी.

"काय वाईट आहे माझ्या मुलांत?" ती म्हणाली. "आणि एवढी काळजी आहे तर दिवसा या पोरीला सांभाळायचं कुणी? खाली शेडमध्ये आणायची नाही, हा नियम. का, तर ताईंचं बोट गेलं म्हणून."

ताईने उजवा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताचं मधलं बोट एका पेराने तोकडं होतं. बॉबिनएवढी असताना चालू मशिनात गेलं होतं ते, आणि त्या दिवसापासून शेडच्या दाराला पोरांना बंदी. थोरलीला आपण जास्त बोलून गेलो असं वाटलं असावं. तिने मान वळवली आणि समोर बसलेल्या धाकट्या दिराकडे बघून अंगठा ओठाला लावून उडवला, चहा टाक म्हणून.

"हात खाली!" माई म्हणाल्या.

बैठक बसल्यापासून त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द. थोरलीने जीभ चावून हात मांडीत घेतले.

हा घराचा दुसरा नियम. शेडमध्ये मशिनांच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नाही, म्हणून तिथे सगळ्यांची हातांची बोली होती. धागा तुटला, सुई मोडली, रीळ संपलं, भूक लागली, नवऱ्याशी भांडण झालंय, सगळं हातांनी. माईंच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली, दुसऱ्या कुणालाही न कळणारी. पण ती खाली. जिना चढून वर आलं की हात खाली आणि तोंडाने बोलायचं. धाकटी बाहेरची, शेडमध्ये कधी काम न केलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, मोठ्या जावेच्या हाताला झटके येतात की काय. बिचारीने औषधसुद्धा सुचवलं होतं.

थोरलीचा हात हलला तेव्हा खिडकीखाली बॉबिनने मान वळवून पाहिलं होतं. धाकटीच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं, टेबलावरची बिस्किटं दिसली असतील.

धाकटा चहा टाकायला उठला नाही. त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर तिसऱ्या मशीनचा एक भाग उघडून ठेवला होता आणि तो तेलाच्या फडक्याने पुसत होता. कारखान्याची मशिनं तोच दुरुस्त करायचा, आणि घरात कठीण विषय निघाला की त्याला हमखास काहीतरी पुसायचं असायचं.

"तू बोल की रे काही," ताई म्हणाली. "तुझी मुलगी आहे."

"मी काय बोलू? काल दिवसभर हे तिसरं डोक्याला ताप देत होतं. धागा तुटलाय आणि हे आपलं रिकामंच फिरतंय. कुणाच्या लक्षातच नाही. जुनं मशीन, त्याला ना दिवा ना घंटी—"

"मुलीचं विचारतेय मी!"

त्याने फडकं खाली ठेवलं. बायकोकडे न बघता म्हणाला, "मला वाटतं... काही महिने राहू दे ताईकडे. तिथे मुलं आहेत. बोलेल."

धाकटीला कुणीतरी पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं झालं. "तूसुद्धा?"

"अगं, कायमची नाही. आणि तुलाही जरा झोप—"

"माझ्या झोपेसाठी मुलगी पाठवायची?"

"हळू बोला," थोरली म्हणाली. आज शेड बंद आहे हे परत सगळ्यांच्या लक्षात आलं आणि आवाज खाली आले. मग सगळे माईंकडे बघू लागले. अशा वेळी बघायचं ते माईंकडेच. कारखाना त्यांचा, घर त्यांचं. त्या वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मोठे, सुताने काचलेले हात मांडीवर, चष्मा साडीच्या पदराला पुसून परत घातलेला. खाली दिवसभर उभ्या राहणाऱ्या या बाईला वर फारसं बोलायला आवडत नसे. आणि नातीशी तर त्यांना काय बोलावं हेच कळत नसे.

"जाऊ दे तिला," माई म्हणाल्या. "ताईला यातलं कळतं."

संपलं. या घरात माईंच्या शब्दापुढे कुणी जात नसे, पण धाकटी गेली असती. पोटच्या पोरीसाठी कुणाचीही भीडभाड तिने ठेवली नसती. तिला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ती गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

रोज दुपारी ती अंथरुणावर आडवी झाली की बॉबिन तिच्या उशाशी येऊन उभी राहायची. आपला तळवा स्वतःच्या छातीवर ठेवायची आणि मग तोच तळवा आईच्या दिशेने हवेत ढकलायची. एकदा, आणि परत एकदा. जा. जा. मग टॅब उचलून भिंतीला टेकून बसायची. पहिल्यांदा धाकटीला हसू आलं होतं. मग रोजच व्हायला लागलं. आपल्याला ती ढकलतेय, आपण झोपलो की तिची सुटका होते, तिला आईपेक्षा ती काच बरी वाटते, हे मनात घेऊन रोज ती उशीत तोंड खुपसायची आणि दमलेली असायची म्हणून झोपून जायची.

आत्ता ते सगळं परत आठवलं. जी मुलगी रोज जा म्हणते, तिला धरून ठेवायचं ते कुठल्या तोंडाने?

"न्या," ती ताईला म्हणाली. "तुमचंच बरोबर असेल. न्या तिला."

थोरलीने टेबलाखाली तिचा हात धरला. ताईला एवढ्या लवकर जिंकायची अपेक्षा नसावी. ती उगाचच उठली, खिडकीशी गेली आणि खाली वाकली.

"बाळा, आता हे पुरे हं. आत्याला दे."

तिने टॅब काढून घेतला. सगळे श्वास धरून आरडाओरड्याची वाट बघत होते. बॉबिन रडली नाही. नुसतं वर बघितलं. आणि ताई तिथेच, पाठीचा कणा अर्धा वाकलेला, तशीच राहिली.

"हे काय बघतेय ही?"

"कार्टून असेल, हत्तीचं," धाकटी म्हणाली. "मीच टाकून दिलंय त्यात."

"हत्ती कुठला? इथे काहीच नाहीये. नुसता करडा काळोख. बिघडलाय हा."

धाकटा उठून गेला. त्याने टॅब हातात घेतला, तिरपा करून पाहिला. "बिघडला नाहीये," तो म्हणाला. "ही आपली शेड आहे."

"कसली शेड?"

"खालची! मागे सुताच्या पेट्या चोरीला गेल्या तेव्हा आपण कॅमेरा नाही का बसवला? त्याचं चित्र मी या टॅबवर जोडून ठेवलं होतं, घरूनही बघता यावं म्हणून. कॅमेऱ्याला आवाज नाही, नुसतं चित्र. आज सगळं बंद, म्हणून काळोख." त्याने बोटाने काहीतरी सरकवलं. "हत्ती तर कधीचा उघडलेलाच नाही. रोज हेच. रोज दुपारी. महिनोन्‌महिने हेच बघतेय ही."

कुणाला काही उमजेना. रिकाम्या शेडचं करडं चित्र या हातातून त्या हातात फिरलं. मशिनांची रांग, भिंतीवरचं घड्याळ, आणि बरोबर मध्ये, तिसऱ्या मशीनच्या समोर, माईंची उभी राहायची जागा.

बॉबिन उठली होती. टॅबकडे तिने बघितलंही नाही. ती चालत चालत टेबलाला वळसा घालून माईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, आणि तिने हात वर केला. डोक्याच्याही वर, पंजा उघडा, दोनदा हलवला. मग दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून जुळवल्या आणि झटकन बाजूला ओढल्या. मग तीन बोटं दाखवली.

माई हलल्या नाहीत.

बॉबिनने परत हात वर केला. परत तर्जन्या जुळवल्या, परत ओढल्या. परत तीन बोटं. न चिडता, न घाई करता. आपलं कुणी ऐकत नाही याची पूर्ण सवय असलेल्या माणसासारखी ती परत सांगत होती.

"वहिनी," धाकटी कुजबुजली, "काय करतेय ही?"

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "'इकडे बघ,'" ती म्हणाली. "'धागा तुटला. तीन नंबर.'"

धाकट्याने समोरच्या वर्तमानपत्रावर पडलेल्या, कालपासून पुसत असलेल्या त्या भागाकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

माईंचे हात मांडीवरून उठले. इतकी वर्षं वरच्या मजल्यावर ते कधी उठले नव्हते. सासूने लावलेला नियम त्यांनी सासूहून कडक पाळला होता. ते सावकाश उठले. माईंनी दोन बोटं डोळ्याला लावली आणि तळवा पुढे केला.

"'पाहिलं,'" थोरली पुटपुटली. "'येते.'"

बॉबिन त्या हातांकडे बघत राहिली. तोंड उघडं, डोळे एवढाले. ती जमिनीवर बसली, आणि मग हसली. असं हसू त्या घराने ऐकलं नव्हतं. पोट धरून, मोठ्याने, बंद शेडपर्यंत पोचेल असं. काच कधी उत्तर देत नव्हती, आणि आज ते मिळालं!

आणि मग सुटली ती. हात थांबेनात. काय वेग तो, काय रंग! भुवया, खांदे, गाल, सगळं बोलायला लागलं. माई खुर्चीतून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात हेही विसरल्या. धाकटी खुर्चीत होती तिथेच राहिली. हॉस्पिटलात तिने पहिले श्वास पाहिले होते, मेलेली म्हणून सोडलेली माणसं डोळे उघडताना पाहिली होती. पण आपल्याच पोटची मुलगी आपल्याला न येणाऱ्या भाषेत भराभर बोलतेय, हे बघताना तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणी शिकवलं नव्हतं. कुणी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"सांगा ना वहिनी, काय म्हणतेय?"

"थांब गं, फार भरभर आहे. म्हणतेय, काल धागा तुटला. मी सांगितलं. परत सांगितलं. मग..." आणि थोरली अडखळली.

कारण बॉबिनने गाल फुगवले होते आणि नाकावरचा नसलेला चष्मा एका बोटाने वर ढकलला होता.

"हे काय?" माईंनी वळून विचारलं. "ही खूण मला माहीत नाही."

थोरली लालबुंद झाली. "ते... तुम्ही आहात, माई."

"मी?"

"म्हणजे पॅकिंगच्या बायका, तुमची पाठ वळली की... मी नाही हं करत! म्हणजे, फारशी नाही करत."

धाकट्याला हसू आवरेना. त्याचे डोळे मात्र भरून वाहत होते, आणि ते त्याने तेलाच्याच फडक्याने पुसले. माईंनी आपला चष्मा एका बोटाने वर ढकलला, आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याही हसल्या.

"पुढे," त्या म्हणाल्या. "पुढे काय म्हणतेय?"

आता थोरलीचा आवाज बारीक झाला. "म्हणतेय, मी रोज हाक मारते. तू बघत नाहीस. पाठ करून जातेस."

माईंनी नातीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. पण हात धरले तर पोरीने बोलायचं कसं, म्हणून लगेच सोडलेही.

ताई अजून खिडकीशीच होती. आता ती आली आणि आईच्या शेजारी जमिनीवर टेकली. तिने उजवा हात वर केला. तोकडं बोट, पेरभर कमी. तळवा स्वतःकडे, मग पोरीकडे. मीही तुझ्यासारखीच. बॉबिनने ते बोट बघितलं, पकडलं, उलटसुलट केलं, आणि मग मान डोलावली.

"मी हिच्याएवढी असताना जेवताना एकदा हातांनी भात... नाही, पाणी मागितलं होतं," ताई म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. "आजीने डाव मारला होता मनगटावर. तेव्हापासून मी ठरवलं, मी फक्त तोंडाने बोलेन. सगळ्यांना तोंडाने बोलायला शिकवेन. आणि बघ की माई, माझे हात काही विसरलेच नाहीत."

"लोक हसायचे गं आपल्याला," माई म्हणाल्या. "मुक्यांचं घर म्हणायचे. तुझ्या आजीला ते फार लागायचं."

"ताई, तुम्ही म्हणालात ते खोटं नाही," धाकटी म्हणाली. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "तो टॅब कपाटावरच ठेवा. महिनोन्‌महिने ही काचेला हाका मारत होती आणि तिथून कुणी 'ओ' दिली नाही. आता ओ देणारी माणसं हवीत. पण ती माणसं इथे आहेत. मी तिला पाठवणार नाही."

ताईने वर बघितलं. वाद घालायला सरसावली, पण आपल्या मांडीवर हात टेकलेल्या पोरीकडे पाहिलं आणि वाद सोडला.

"उद्यापासून ती खाली येईल," माई म्हणाल्या. "माझ्या केबिनमध्ये बसेल. मध्ये काच आहे, मशिनाला हात लागणार नाही, आणि मला ती दिसेल, तिला मी."

"माई! शेडमध्ये?" ताईचा हात नकळत मिटला.

"तू राहा चार दिवस. तूच बघ, दार नीट लागतं की नाही. आणि दुपारी तिला तोंडाने शिकव. मी हातांनी विचारीन, तू तोंडाने सांग. दोन्ही येऊ देत पोरीला."

"आणि वरती?" थोरलीने हळूच विचारलं. "हात?"

माईंनी उत्तर दिलं नाही. अंगठा ओठाला लावून उडवला. धाकटा चहा टाकायला धावला.

सगळ्यांच्या बोलण्याचा एकच गलका झाला. थोरली खुर्चीवर परत बसली, नाक शिंकरत, हसत. धाकटीच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. विचारायची भीती वाटत होती. न विचारता राहवतही नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "हे काय असतं?"

तिने तळवा आपल्या छातीवर ठेवला. मग हवेत पुढे ढकलला. एकदा, आणि परत एकदा.

"हे होय?" थोरली म्हणाली. "हे तर आम्ही दिवसभर करतो. शेजारणीचं डोकं चढलं, पाय सुजले, तिला जरा टेकायचं असलं, की आपण तिला असं करायचं. म्हणजे, मी आहे. तू जा, पड जरा. तुझं मशीन मी बघते."

धाकटीने तोंडावर हात दाबला. इतक्या दुपारी. इतक्या दुपारी ती उशीत तोंड खुपसून झोपली होती, आणि भिंतीला टेकून ती एवढीशी पोर पहारा देत होती.

तिने रडू आवरलं आणि मान वर केली, तर बॉबिन समोर उभी. आईचे हात हललेले तिने तिकडून बघितले होते. आई कधी हातांनी बोलत नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत होती, मग चेहऱ्याकडे, मग परत हातांकडे. खरंच का, असं विचारल्यासारखी.

धाकटीने परत तळवा छातीवर ठेवला. आता थोरलीला दाखवायला नाही. मग तो मुलीच्या दिशेने हळूच ढकलला. दोनदा.

बॉबिनने दोन बोटं डोळ्याला लावली आणि तळवा पुढे केला. मग आईच्या मांडीवर चढली, अंगाची मुटकुळी केली आणि डोळे मिटले. चहा येईपर्यंत ती गाढ झोपली होती.